वाटेत असलेली नऊ नंबर

कोमट पाण्यात बुडवलेली प्लास्टरची पट्टी हलकेच पिळून ती समोरच्या बाईंना म्हणाली, "मनगट सैल सोडा. जरा गरम लागेल, घाबरू नका."

"मी घाबरेन होय? सामन्याआधी दहादा पाणी प्यायला तूच पळायचीस, शिडे!"

पट्टी हातातच राहिली. शिडी! बत्तीस वर्षांत या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. तिनं मान वर केली. केस पांढरे, गाल बसलेले, पण दटावणारी नजर तीच. कप्तानताई!

बिस्किटांच्या कारखान्यातल्या बायकांचा तो बास्केटबॉलचा संघ. दिवसभर डबे भरायचे, सुटल्यावर दोन तास सराव, आणि शनिवारी सामना असला की अर्धी सुट्टी नि वर थोडा भत्ता. सुरुवातीला गावानं नाकं मुरडली. बिस्किटवाल्या कसल्या उड्या मारणार! तिसऱ्या वर्षी त्याच गावाला क्रीडागृहात पाय ठेवायला जागा मिळेना. शिडी सगळ्यांत उंच. ती रिंगखाली उभी राहिली की समोरच्या संघाच्या तोंडचं पाणी पळायचं.

आठव्या वर्षी वरच्या गटात जायला एकच सामना उरला होता आणि शिडीच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. आई आधीच गेलेली, धाकटे दोघे भाऊ शाळेत. तिनं कारखाना सोडला, घराजवळच्या या रुग्णालयात नोकरी धरली आणि सरावाची वेळ झाली की वडिलांची कूस बदलायला घरी धावू लागली. कुणाचा निरोप घेतला नाही. घेतला असता तर पाय निघाला नसता. तो सामना संघानं तिच्याशिवाय जिंकला. तिनं बातमी वर्तमानपत्रात वाचली, वडिलांनाही वाचून दाखवली, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडला.

"एकदाही बघायला आली नाहीस," ताई म्हणाली.

शिडी मनगटाभोवती पट्टी गुंडाळत राहिली. "आले होते. तिकिटाच्या खिडकीपर्यंत. आतून बुटांची करकर ऐकू आली. 'मागे पळा, मागे!' हे तुझं ओरडणंही. पाऊलच उचलेना, ताई. तशीच परत फिरले."

ताई म्हणाली, "तुझा नऊ नंबर मी दोन हंगाम कुणाला दिला नाही. दर सामन्याला यादीत तुझं नाव लिहायची. पंच विचारायचे, ही कुठाय? मी म्हणायची, येतेय, वाटेत आहे."

"आणि मग?"

"मग एक नवी पोर आली. गुणी होती गं. किती दिवस अडवून धरणार होते मी?"

पुढे तीन वर्षांनी कारखाना बंद पडला आणि त्याच्याबरोबर संघही. कुणी लेकीकडे गेली, कुणी दुसऱ्या गावी, दोघी तर आता राहिल्याही नाहीत. ताई एकेकीचं सांगत होती आणि शिडी ओलं प्लास्टर तळव्यानं गुळगुळीत करत होती, करून झालं तरी.

सहा आठवड्यांनी तिनंच ते कापून काढलं. त्या रविवारी दोघी शाळेच्या मैदानावर गेल्या. शिडीची पहिली फेक रिंगपर्यंतसुद्धा पोचली नाही.

"गुडघे वाकव, गुडघे!"

"वाकले तर सरळ तू करणार आहेस का?"

दोघी पोट धरून हसल्या. दुसऱ्या वेळी चेंडू फळीवर आपटून परत आला. शिडीनं तो झेलला आणि सवयीनं तिची मान डावीकडे वळली. तिकडून नेहमी कुणीतरी हात वर करून धावत यायची. तिथं रिकामं मैदान होतं.

चेंडू छातीशी धरून ती तशीच उभी राहिली.

"मीही अजून तिकडेच बघते," ताई म्हणाली.