डोंगराकडे रोखलेली काठी

मित्रांनो, दाराआडच्या कोपऱ्यात धूळ खात उभी असलेली मी मेंढपाळाची एक जुनी काठी आहे. वेल्समधल्या हेंद्रे नावाच्या शेतघरात माझा जन्म झाला. कुंपणातल्या हेझलच्या झुडपाची सरळ फांदी तोडून ती वाळवली, मेंढ्याचं शिंग उकळून वाकवलं आणि मला मूठ बसवली. हे सारं इद्वालच्या वडिलांनी केलं. पुढे मी इद्वालच्या हाती आले. आमच्याकडे माणसाला आडनावाने कोणी हाक मारत नाही, शेतघराच्या नावाने मारतात. म्हणून तो इद्वाल हेंद्रे, आणि डोंगरापलीकडचा त्याचा शेजारी तेग्विन तीनांत.

मी मेंढ्यांच्या माना अडकवल्या, बर्फात वाट चाचपली, ओढे ओलांडले. रविवारी मला चॅपेलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या प्रार्थनाघराच्या पडवीत उभं करून ठेवत. आत पाद्रीबुवा प्रवचन करत. आधी साधं बोलत, मग हळूहळू आवाज चढे, शब्दांना चाल लागे, आणि शेवटी ते अख्खं प्रवचन गाणंच होऊन जाई. बाकांवरची दमलेली माणसं डोळे मिटून बसत. माझ्या लाकडातही तो सूर उतरे. अजून आठवला की बरं वाटतं. आता त्या चॅपेलला कुलूप आहे.

इद्वालच्या मनात एक सल होता. घरामागच्या डोंगराला त्याचे वडील 'मोएल ल्वीद' म्हणत, करडा बोडका डोंगर. पण फार पूर्वी नकाशावाले आले, त्यांनी पलीकडे तीनांतला विचारलं आणि 'मोएल गोख' असं छापून टाकलं, तांबडा बोडका डोंगर. तेव्हापासून हेंद्रेची माणसं तो नकाशा घरात ठेवत नसत.

इद्वालचे गुडघे गेले आणि मेंढ्या विकल्या, तेव्हा मेरेरिदबाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई डोंगरांची जुनी नावं शोधत दारोदार फिरत. नवा नकाशा निघणार होता. कुठे ज्याला विचारायचं ते म्हातारं माणूस आदल्या महिन्यातच गेलेलं असे, कुठे नवे मालक दारच उघडत नसत. त्याही माझ्यासारख्याच थकल्या होत्या.

इद्वालने अंगणातून मला डोंगराकडे रोखलं. "तो बघा. मोएल ल्वीद. मी डोळे मिटायच्या आत एवढं नीट करा, बाई."

बाईंनी लगेच होकार दिला नाही. पुढच्या आठवड्यात त्या एकट्याच डोंगर चढून आल्या, आणि मग तेग्विनला गाडीत घालून हेंद्रेच्या अंगणात घेऊन आल्या. त्या नावावरून अबोला धरलेले दोघे म्हातारे कित्येक वर्षांनी समोरासमोर आले.

"मेलास असं ऐकलं होतं," तेग्विन म्हणाला.

"तुला विचारल्याशिवाय कसा मरेन? बस."

बाई म्हणाल्या, "इद्वाल, मी माथ्यावर उभी होते. लख्ख ऊन होतं. तिथून तुमचं धुराडं दिसत नाही, आणि यांचंही नाही."

इद्वालने मला जमिनीवर टेकवलं. "नाहीच दिसत. म्हणजे इथून माथाही दिसत नाही. दिसतो तो डोंगराचा खांदा. आमच्या मेंढ्या तिथवरच चरायच्या."

"आणि आमचा तांबडा उतार आमच्या अंगणातून दिसतो," तेग्विन पुटपुटला.

"आजवर सगळ्यांनी तुम्हाला अंगणातच विचारलं," बाई म्हणाल्या. "वर उभे असताना त्या जागेला काय म्हणायचात?"

"वर कशाला नाव? वर गवत नाही," इद्वाल म्हणाला.

"पण जेवायचो की," तेग्विन म्हणाला. "मेंढ्या गोळा करायला दोन्हीकडची माणसं चढायची, ती तिथेच भेटायची. त्या सपाट दगडावर. तुझा बाप आमचं चीज संपवायचा."

"चीज कसलं, साबण होता तो." इद्वाल हसला आणि हसता हसता थांबला. "कुत्र्यांना पुढे घालताना बाबा ओरडायचे, 'बूर्दवर भेटू रे.'"

"बूर्द," तेग्विन म्हणाला. "आमच्याकडेही बूर्दच."

बूर्द म्हणजे जेवायचं मेज. पुढे माथ्यावर तारेचं कुंपण पडलं, एकत्र चढणं संपलं आणि ते नाव कुणाच्याच तोंडी राहिलं नाही.

बाईंनी अडखळत विचारलं, "मग इद्वाल, माथ्यावर मोएल ल्वीद लिहिता येणार नाही. चालेल?"

त्याची मूठ माझ्यावर घट्ट आवळली. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीसाठी तो शेजाऱ्याशी अबोला धरून बसला होता, तीच हातची सुटत होती. मग मूठ सैल झाली.

"मोएल ल्वीद खांद्यावर लिहा. याचा तांबडा पलीकडे लिहा. माथा दोघांचा होता."

मेंढ्यांना कोकरं होण्याच्या दिवसांत इद्वाल गेला. त्याला गाऊन निरोप देणारा पाद्री मिळाला नाही. तेग्विननेच एक भजन म्हटलं. त्यानंतर नवा नकाशा आला. त्यात तिन्ही नावं आहेत, बारीक अक्षरांत.

मित्रांनो, मी आता फार दमले आहे. माझं टोक झिजलं, शिंगाला तडा गेला. मला तेलपाणी केलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्या टेकडीचं, ओढ्याचं, पाणंदीचं नाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्याजवळ जाऊन बसा. एकालाच विचारून उठू नका, त्याच्याशी न बोलणाऱ्या शेजाऱ्यालाही सोबत बोलवा. देव करो, आणि तोवर ते दोघेही असोत.