चंदर तांडेलाची गाठ

सत्तावन्न साली काशीदच्या चंदर तांडेलाच्या डाव्या छातीत, बोंडाखाली, गाठ आली. जाळ्याचा दोर तिथेच घासायचा, म्हणून त्याने ती मनावर घेतली नाही. बनियन धुताना त्याच्या बायकोला, शकूला, रक्ताचे डाग दिसायचे. ती विचारायची, तो उडवून लावायचा. काखेतही गोळा लागू लागला तेव्हा कुठे तो अलिबागच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी हात लावून पाहिलं आणि सरळ मुंबईला धाडलं.

मुंबईच्या इस्पितळात तुकडा काढून तपासला. स्तनाचा कॅन्सर. पुरुषाला क्वचितच होतो, आणि याचा फार झपाट्याने पसरतोय, असं डॉक्टर म्हणाले. तपासणीच्या रांगेत सगळ्या बायकाच. एकीने चंदरला विचारलं, मालकीण आत गेलीय का? तो हो म्हणाला.

ऑपरेशनमध्ये छातीचं मांस बरगड्यांपर्यंत काढलं, मग विजेचे शेक दिले. डावा हात वर जाईना. होडी धाकट्या भावाने, सदाने, चालवायला घेतली.

वर्षभराने कंबर धरली. रोग हाडांत उतरला होता. डॉक्टर चंदरशी एकट्याशीच बोलले. धक्क्यावर लाँचची वाट बघताना त्याने शकूला सांगितलं.

"खालचं काढायचं म्हणतात. दोन्ही. त्यांच्यातला रस रोगाला पोसतो म्हणं. रोग जायचा न्हाय, पण दुखणं उतरंल." पाण्याकडे बघत म्हणाला, "मग मी बाप्या कसला?"

शकू म्हणाली, "तुमचं कण्हणं ऐकून पोरी जेवत न्हाईत. काढून टाका. गावात अंतर्गळाचं सांगू."

तसंच केलं. दुखणं खरंच उतरलं. चंदर चालायला लागला, जाळी विणायला लागला. पण संध्याकाळी पुरुषमाणसांत बसायचं त्याने सोडलं, आणि शकूला पाठीला तेलही लावू देईना. सुगी सरता सरता खोकला आला, श्वास पुरेना. शेवटी शेवटी तो एकच विचारायचा, कुणाला बोललीस का? ती नाही म्हणायची.

तो गेला तेव्हा आंघोळ घालायला पुरुष जमले. शकूने सगळ्यांना बाहेर काढलं, दाराला कडी घातली आणि एकटीने त्याला आंघोळ घातली, धोतर नेसवलं. सदाने दार ठोठावलं, वहिनी, ही कुठली रीत, म्हणून ओरडला. धोतर नेसवून होईपर्यंत तिने कडी काढली नाही.

त्यानंतर सदा तिच्याशी कधी नीट बोलला नाही. तिनेही त्याला कारण सांगितलं नाही.