ठसा न उमटण्याचं कारण

रंगनाथला सरकारी कचेऱ्यांचा भारी राग, आणि तो राग तो मोठ्या हौसेने बाळगून होता. शुक्रवारी दोह्याच्या बिन महमूद भागातल्या त्याच्या फ्लॅटवर चार मंडळी जमली की चहाबरोबर हाच विषय निघायचा. "नाशिकला होतो तेव्हा सरकारी काम अन् सहा महिने थांब. इथे दोह्यात तेच, फक्त एसी लावून," असं तो म्हणे. त्याची बायको सुचित्रा बश्या उचलता उचलता म्हणे, "झालं सुरू."

रंगनाथ फरशीकाम करणाऱ्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. मोडकं तोडकं अरबी येत असल्यामुळे कचेऱ्यांचे हेलपाटेही त्याच्याच गळ्यात पडत. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला तीन वर्षं उरली होती आणि अख्ख्या शहराला घाई सुटली होती. घाई नव्हती ती फक्त खिडकीपलीकडच्या लोकांना.

यावेळी काम होतं पोपटरावांचं. सांगोल्याकडचे पन्नाशीचे फरशीवाले, कंपनीत सगळ्यांत जुने. त्यांचं रहिवासाचं कार्ड संपत आलं होतं, आणि नवं करायला दहा बोटांचे ठसे हवे होते. कार्ड न करता गावी गेलं तर परत येणं बंद. आणि गावी तर जायलाच हवं होतं, कारण बायको बायडाबाई हिच्या पोटाच्या ऑपरेशनला सोलापूरच्या डॉक्टरांनी तारीख दिली होती आणि तिने स्पष्ट सांगितलं होतं, "तुमी आल्याबिगर मी टेबलावर चढायची न्हाई." तारखेला वीस दिवस होते.

पोपटरावांनी कचेरीतल्या यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवला. लाल दिवा. तर्जनी ठेवली. लाल दिवा. दहाही बोटं झाली, यंत्राला माणूस काही दिसेना.

"हात धुऊन या," खिडकीतून उत्तर आलं. धुऊन आले, तेच. दुसऱ्या खेपेला, "आठ दिवस काम बंद ठेवून या." तिसऱ्या खेपेला सिस्टिमच डाऊन. "बुक्रा, इन्शाल्ला." बुक्रा म्हणजे उद्या, आणि हा उद्या काही केल्या उजाडत नाही, हे दोह्यात राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. यात बारा दिवस गेले. पोपटराव दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून गाडीत बसत. बोलायचा तो रंगनाथ. परतीच्या रस्त्याला उम्म सलालच्या कामगार वस्तीपर्यंत तो सरकारचा उद्धार करत येई.

चौथ्या खेपेला त्याचं डोकंच फिरलं. "ठसा का उमटत नाही ते लेखी द्या," तो खिडकीवर हात आपटून म्हणाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याला आतल्या टेबलावर पाठवलं. तिथे रुकैया नावाची मूळची हैदराबादची बाई होती. तिने भांडण ऐकलंच नाही. तिने पोपटरावांचा हात उलटा केला, बोटांची टोकं चाचपली. टोकं गुळगुळीत होती, घासलेल्या शहाबादीसारखी.

"दस्ताने नहीं पहनते, चाचा?"

"पहनता है, मॅडम. फट जाता है."

"फिर नये नहीं मिलते?"

पोपटरावांनी रंगनाथकडे पाहिलं आणि मान खाली घातली. रंगनाथने नजर टेबलावरच्या कागदांकडे वळवली.

कारण स्टोअरलाही खिडकी होती. सकाळी सहा ते सात. नवे हातमोजे हवे तर जुना जोड परत, वर फोरमनची सही, असा नियम. आणि तो रंगनाथनेच केलेला. मार्चमध्ये पोपटराव तीनदा आले होते. पहिल्यांदा सही नव्हती. दुसऱ्यांदा सही होती, पण जुना मोजा एकच, दुसरा सिमेंटात गाडला गेलेला. तिसऱ्यांदा दोन्ही होतं, पण सात वाजून चार मिनिटं झाली होती. "उद्या या," असं म्हणून रंगनाथने खिडकी ओढली होती. त्याच्या पाठीमागे मोज्यांची खोकी छताला टेकली होती. पोपटराव पुन्हा आले नाहीत. ओल्या सिमेंटात उघड्या बोटांनी हॉटेलच्या फरश्यांचे सांधे भरत राहिले.

रुकैयाने एक फॉर्म पुढे केला. ठसा न उमटण्याचं कारण. खाली दोन चौकोन: कंपनीने संरक्षणाची साधनं दिली नाहीत, किंवा दिली पण कामगाराने वापरली नाहीत. कंपनीच्या माणसाने खूण करून सही करायची, की ठशाची अट माफ.

पहिल्या चौकोनात खूण केली तर तपासणी येणार, आणि आली की पहिला हिशेब स्टोअरवाल्याचा. रंगनाथने दुसऱ्या चौकोनात खूण केली. खाली इंग्रजीत लिहिलं की वारंवार सांगूनही कामगाराने निष्काळजीपणाने हातमोजे वापरले नाहीत. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, याची त्याला लाज वाटली.

"काय लिवलं, साहेब?"

"काही नाही. बोटं झिजलीत म्हणून."

पोपटरावांनी खाली सही केली. "तुमचे लई उपकार झाले," ते म्हणाले.

चार दिवसांत कार्ड आलं, पोपटराव वेळेवर पोचले, ऑपरेशन झालं. त्या शुक्रवारी रंगनाथ सरकारवर चकार शब्द बोलला नाही, तेव्हा सुचित्राने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. स्टोअरच्या खिडकीतून आता तो सही न बघता मोजे देत होता. पण तेवढ्याने काही बरं वाटत नव्हतं.

पंधरा दिवसांनी भर दुपारी पोपटरावांचा फोन आला.

"मंडळी बरी हाय, साहेब. हिंडायला लागली. पर रेशनच्या दुकानातलं मशीन माझा अंगठा घेईना. तहसीलात म्हणत्यात, कारणाचा कागद आना. तुमी तिथं लिवला हुता न्हवं, त्याचा फोटो धाडा की. आमचे गुरुजी विंग्रजी वाचून सगळं मराठीत करून देत्यात. बायडा बी म्हणती, साहेबांनी काय लिवलंय ते ऐकायचंय."

कागदाची प्रत ड्रॉवरमध्येच होती. रंगनाथने ती काढली. कंपनीचं कोरं लेटरहेडही काढलं, पेनचं टोपण उघडलं. खरं कारण एका ओळीत मावलं असतं. पण त्या ओळीखाली सही त्याचीच लागणार होती. त्याने टोपण लावलं.

"सिस्टिम डाऊन आहे, पोपटराव," तो म्हणाला. "उद्या बघतो."

"चालतंय की, साहेब. हापिसाचं काम, वेळ लागायचाच. मी उद्या फोन लावतो."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला फोन वाजला.