मॅक्युला म्हणजे डाग

पांढऱ्या शर्टाच्या खिशाखाली डाग होता. त्याने तो बोटाने चाचपला, कापड नाकाशी नेऊन हुंगलं, मग ओल्या फडक्याने हलकेच टिपलं. डाग गेला नाही, फडक्यावर उतरलाही नाही. त्याने शर्ट बाजूला ठेवून टेबलावर दुसरा अंथरला, तर डाग त्याच्याही खिशाखाली होता. तिसऱ्यावर तो कॉलरपाशी दिसला आणि नजर खाली वळताच नजरेबरोबर खाली आला.

त्याने हळूच मागे पाहिलं. दुकानाच्या पुढच्या भागात बायको काहीतरी गुणगुणत इस्त्री करत होती. तिचं लक्ष नव्हतं. त्याने तिन्ही शर्टांची घडी घातली आणि ते गठ्ठ्याच्या तळाशी सारले.

लाँड्री दोघांचीच. गल्लाही तिचा, इस्त्रीही तिची आणि गिऱ्हाइकांशी बोलणंही तिचंच. त्याच्याकडे फक्त डाग. मशीन काय, कुणीही चालवेल, पण चहा कोणता, गंज कोणता आणि रक्त कोणतं हे ओळखायला डोळा लागतो. भलतंच औषध लागलं की डाग जन्माचा बसतो. गिऱ्हाईक तर कधी खरं सांगत नाही. रक्ताला सॉस म्हणतात आणि दारूला सरबत. तीस वर्षं तो अशा खोटारड्या कपड्यांकडून खरं काढून घेत आला होता. गल्लीतले लोक त्याला गमतीने 'डागदर' म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं.

दुसऱ्या दिवशी डागांची औषधं संपली असं बायकोला सांगून तो डोळ्यांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरबाईंनी डोळ्यांत थेंब घातले, दिवा मारून बराच वेळ पाहिलं आणि शेजारच्या मदतनीस मुलीला म्हणाल्या,

"यांच्या मॅक्युलाचा फोटो लागेल."

"मशीन मंगळवारी सुरू होतंय, मॅडम."

मग बाईंनी त्याला एक कागद दिला. बारीक चौकटीच चौकटी आणि मधोमध एक काळा ठिपका.

"रोज सकाळी एकेक डोळा झाकून या ठिपक्याकडे बघायचं. रेघा वाकड्या दिसल्या तर लगेच यायचं. तोवर काळजी करू नका."

डॉक्टर काळजी करू नका म्हणाले की माणूस काळजीला लागतो. मॅक्युला म्हणजे काय, हे विचारायला त्याची जीभ उचलली नाही. गिऱ्हाइकाला दहा प्रश्न विचारणारा माणूस, पण तिथे मुकाट्याने पैसे देऊन बाहेर पडला.

गुरुवारी प्रोफेसर कोट घेऊन आले. त्यांनी उभा जन्म लॅटिन शिकवण्यात घालवला होता आणि निवृत्त झाल्यापासून ऐकणारं कुणी मिळत नव्हतं. बायको आत धुतलेले कपडे आणायला गेली तशी त्याने घाईने विचारलं,

"सर, मॅक्युला हा शब्द तुमच्यातला का?"

प्रोफेसरांचा चेहरा खुलला.

"अरे, हा तर तुझ्या धंद्यातला शब्द. मॅक्युला म्हणजे डाग. कपड्यावरचा म्हण, जनावराच्या कातडीवरचा ठिपका म्हण. नावाला लागलेला बट्टासुद्धा मॅक्युलाच. आणि गंमत म्हणजे जाळ्यातल्या भोकालाही हाच शब्द."

"आला कुठून हा?"

"ते मात्र खात्रीने सांगता येत नाही. कुणी म्हणतं, चोळणं-पुसणं अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दातून आला. कुणाला ते पटत नाही. पुस्तकात शेवटी काय लिहिलेलं असतं? मूळ अज्ञात." ते हसले. "का रे, काय काढलंस हे?"

"असंच. कुठेतरी वाचलं."

डाग कशाचा ते कळलं तर औषध असतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? इथे तर डाग डोळ्याच्या आत, आणि त्याचं मूळ शिकल्यासवरल्यांनाही सापडलेलं नाही.

त्यानंतरचे पाच दिवस त्याने मोठ्या भीतीत काढले. कागद चार घड्या घालून खिशात असायचा. मोरीचं दार लावून तो दिवसातून दहा वेळा एक डोळा झाकायचा, मग दुसरा. रेघा सरळ दिसायच्या, पण पुढच्या खेपेला दिसतील का, म्हणून पुन्हा जायचा.

"पोट बिघडलंय का हो?" बायकोने एकदा विचारलं.

"हो, जरा."

शनिवारी तिने त्याला डोळे गच्च मिटून एका साडीवरून बोटं फिरवताना पाहिलं. तेलाचा डाग हाताला लागतो, साखरेचा कडक होतो, एवढं जमत होतं. चहाचा काही केल्या बोटांना सापडेना. डोळे उघडले तर ती दारात उभी.

"झोपलात की काय उभ्या उभ्या?"

तो हसला. आपलं हसू आपल्यालाच खोटं वाटलं की कसं होतं, तसं त्याला झालं.

मंगळवारी डॉक्टरबाईंनी पडदा त्याच्याकडे वळवला.

"हा तुमचा मॅक्युला. छान आहे."

"म्हणजे डाग गेला?"

"कसला डाग? मॅक्युला प्रत्येकाच्या डोळ्यात असतो. आपल्याला समोरचं नीट दिसतं ते त्याच्यामुळेच. जरा पिवळसर असतो म्हणून जुन्या लोकांनी तसं नाव ठेवलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला दिसतो तो आतल्या द्रवातला एक धागा आहे. वयाने होतं. सवय होईल."

त्याच्या जिवात जीव आला. दुकानापर्यंतचा चढ त्याला चढासारखा वाटला नाही. आल्याआल्या त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं, मोरीसकट. तिने इस्त्री उभी केली आणि कमरेवर हात ठेवले.

"आठ दिवस एकट्याने सोसलंत? मी काय मेले होते?"

"तू घाबरली असतीस."

"आणि तुम्ही काय मोठे वाघ." पण तिचे डोळे भरले होते. ते लपवायला तिने त्याच्या हातातला कागद ओढून घेतला. "बघू तरी, कशाने माझा नवरा मोरीत कोंडून घेत होता."

तिने डावा डोळा तळव्याने झाकला.

"सरळ तर आहेत."

मग उजवा झाकला.

"आता बघा, मधल्या वाकड्या झाल्या. ठिपक्यापाशी तर पोटच आलंय." ती हसली. "चार घड्या घालून कागद पार चुरगळलात तुम्ही. आणा, इस्त्री फिरवते."

"मी फिरवतो," तो म्हणाला.

त्याने कागद टेबलावर पसरला आणि वर सुती फडकं घातलं. आच कमी केली. एकेक घडी सावकाश, रेशमी कापडाची काढावी तशी काढली. फडकं उचललं तेव्हा कागद नवा करकरीत दिसत होता. त्याने तो दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरला. कागद हलू नये म्हणून त्याने हातांची कोपरं टेबलावर टेकवली.

"आता बघ."

तिने उजवा डोळा झाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिची नजर कागदावरून त्याच्या तोंडाकडे गेली आणि तिथेच थांबली. तिने हात बदलला. डावा डोळा झाकून ती पुन्हा कागदाकडे वळली.

"झाल्या की सरळ," ती म्हणाली. "घड्यांचंच होतं सगळं."

त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं.

"चप्पल घाल. दवाखाना सहापर्यंत असतो."

"अहो, कपडे पडलेत एवढे. सरळ दिसतायत म्हटलं ना?"

तो गल्ल्यातून किल्ली घेऊन दारापाशी जाऊन उभा राहिला. तिने डाव्या डोळ्यावरचा हात अजून काढला नव्हता.