मयताची बहीण आणि वारस

थ्रासोस माझा धाकटा भाऊ. बेकरी झकास चालवायचा, कर मात्र भरायचा नाही. विचारलं की म्हणायचा, "ताई, पुढच्या महिन्यात." हा पुढचा महिना अकरा वर्षं चालला. मग एका सकाळी भट्टीसमोरच तो कोसळला, आणि मागे सरकारचं एक्याऐंशी हजार युरोंचं देणं राहिलं.

त्याची बायको लुकिया आणि दोन्ही सज्ञान मुलं आठवड्याभरात कोर्टात जाऊन वारसा नाकारून आली. आमच्याकडे वारसा घेतला की देणंही अंगावर येतं; नाकारायला चार महिन्यांची मुदत असते. त्याच्या कशाला हात लावायचा नाही, असं वकिलानं बजावलेलं, म्हणून लुकियानं त्याचा दाढीचा ब्रशही जागचा हलवला नव्हता. मी चाळिसाव्या दिवशीच्या चर्चमधल्या प्रार्थनेचं विचारलं, तर खाली बघत म्हणाली, "ताई, माझ्याकडे पैसे नाहीत. आणि त्यांचं काही विकता येत नाही. तुम्हीही कोर्टात जाऊन या. आम्ही नाकारलं, आता पाळी तुमची."

"मी नाकारू? सख्ख्या भावाला? तुझं बरंय बाई, नवरा काय, दुसराही मिळेल."

चर्चच्या अंगणात, चारचौघांत बोलले मी हे. बोलून बरंही वाटलं.

बेकरीची एक किल्ली माझ्याकडे होती. कणीक मळायचं यंत्र मी कार्दित्सा शहरातल्या एका बेकरीवाल्याला सातशे युरोंना विकलं. त्याला हिशेबाला पावती हवी होती. मी ऐटीत लिहिलं, 'विकणारी : एवांथिया, मयताची बहीण आणि वारस'. त्या पैशांत सगळ्या चर्चला पुरेल एवढा कोलिवा केला. उकडलेल्या गव्हांत डाळिंब, बदाम, वर साखरेचा जाड थर. पाद्रीबाबांनी थ्रासोसचं नाव खणखणीत आवाजात घेतलं. लुकिया मागच्या रांगेत उभी होती. मी मुद्दाम वळून पाहिलं.

दोन वर्षांनी कार्दित्साच्या बेकरीवाल्याची करतपासणी झाली. त्याच्या कागदांत माझी पावती निघाली, आणि माझ्या दारात नोटीस आली.

कर कचेरीत माथेऊ बसतो. त्याच्या आईचे झगे मीच उसवून सैल करून देते.

"एवांथियाबाई, अक्षर तुमचंच ना?"

"माझंच. पण त्यातला एक सेंट मी खाल्ला नाही रे. सगळे देवाच्या दारी गेले."

"कुठे गेले ते मी विचारतच नाहीये. विकलंत म्हणजे वारसा घेतलात. मुदतही केव्हाच गेली. आता नाकारता येत नाही."

"मला काय ठाऊक तुमचा कायदा?"

त्यानं पावती माझ्याकडे फिरवली. वारस हा शब्द लिहा, असं मला कुणी सांगितलंही नव्हतं.

"घर तुमच्या नावावर?"

"वर दोन खोल्या. खाली शिवणाचं दुकान."

त्यानं ते लिहून घेतलं. माणूस वाईट नाही. मला पेलाभर पाणी दिलं. तेवढंच काय ते फुकट होतं.

संध्याकाळी लुकिया आली. 'सांगितलं होतं ना' असं ती एकदाही म्हणाली नाही. सिंकमधली भांडी घासली आणि गेली. चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोसलं असतं.

रविवारी जर्मनीहून मेल्पोचा फोन आला. माझी एकुलती लेक, तिथे इस्पितळात रात्रपाळ्या करते.

"आई, मी दर महिन्याला थोडे पाठवते."

"एक सेंटही नाही. हे घर जाऊन वर उरेल एवढं देणं आहे, आणि माझ्यामागे ते तुझ्यावर येईल. म्हणून नीट ऐक. मी गेले की आधी कोर्टात जायचं. चार महिन्यांची वाट बघू नकोस. माझं काही विकायचं नाही, माझ्या नावानं काही करायचं नाही. लोक तोंडावर बोलतील, बोलू देत."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"शपथ घे."

पलीकडे ती मुसमुसत होती. मी विनवलं. ओरडले. आयुष्यात तिच्यापुढे कधी हात जोडले नव्हते, तेही जोडले, फोनवर तिला दिसणार नव्हते तरी.

"नाही जमणार मला," ती म्हणाली. "'मला आई नको' अशी कागदावर सही करू? लोक काय म्हणतील, आई?"

आणि तिनं फोन ठेवला. देवा, हिचा माझ्यावर थोडा कमी जीव असता तर.