धाकटीच्या खोलीतली सात यंत्रं

धाकटीनं लग्न केलं तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती. नवरा तिच्याच शाळेतून निवृत्त झालेला ड्रिलमास्तर, पहिली बायको जाऊन सहा वर्षं झालेली. ही बातमी तिनं ताईला गॅलरीत कपडे वाळत घालता घालता सांगितली, तीही तोंडात चिमटा धरून. त्यामुळे ताईला "काय म्हणालीस?" असं दोनदा विचारावं लागलं. तिसऱ्यांदा समजलं तेव्हा ती "बरं" म्हणाली आणि रिकामी बादली उचलून आत गेली.

भांडण नाही, रडारड नाही. आईवडील गेल्यावर दोघी बहिणींनी तीस वर्षं त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात काढली होती. दोघींच्या दोन खोल्या, मधे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर. घरात बोलायचं खातं धाकटीकडे होतं. शाळेच्या कचेरीत दिवसभर पालकांशी हुज्जत घालून ती यायची आणि चपला काढता काढताच सुरू व्हायची. ताई ऐकायची, म्हणजे ऐकते आहे असं दिसायचं. ती एका छापखान्यात प्रूफं तपासायची. दिवसभर अक्षरांवरून डोळे फिरवायचे, चूक दिसली की समासात खूण करायची. त्या कामात बोलायची सोयच नव्हती, आणि चौतीस वर्षांत ती सवय अंगात मुरली होती.

धाकटीच्या लग्नात ताईचा वाटा एवढाच, की नोंदणीच्या कागदावर मास्तरांच्या आडनावात कारकुनानं केलेली चूक तिनं उभ्या उभ्या दाखवून दिली. मास्तर हसून म्हणाले, "ताई, तुम्ही नसता तर मी भलत्याच माणसाच्या नावानं नवरा झालो असतो." सगळे हसले. ताईही हसली. मग धाकटी दोन बॅगा घेऊन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेली, आणि त्यानंतर चार महिन्यांनी ताई निवृत्त झाली.

पहिलं यंत्र तिला अगदी योगायोगानं सापडलं. ती जुन्या सामानाच्या दुकानात टेबलावरचा दिवा बघायला गेली होती. तिथं एका मोडक्या कपाटावर एक लांबट पेटी आडवी ठेवलेली होती, उभी केली तर माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी.

"वाजवायची पेटी आहे," दुकानदार म्हणाला. "जरा साफसूफ केली की झकास वाजेल."

त्यानं झाकण उघडलं. आत पट्ट्या नव्हत्या, सुया होत्या. एका ओळीत दोनशे, सगळ्या एकसारख्या, टोकाला आकडा आणि आकड्याला उघडमीट करणारी इवलीशी जीभ. ताईनं त्या ओळीवरून डोळे फिरवले. त्यातल्या अकरा वाकलेल्या होत्या. वाकलेल्याच तिला आधी दिसल्या.

"ही वाजायची नाही," ती म्हणाली. "हे विणायचं यंत्र आहे."

"मग तर अजूनच चांगलं. ऐकायला कुणी लागणार नाही," दुकानदार म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं, पण ते वाक्य ताईबरोबर घरापर्यंत आलं.

यंत्राबरोबर एक पुस्तिका होती, ती कुठल्याशा परक्या भाषेत. अक्षर न अक्षर अनोळखी. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या हातात असा छापील मजकूर आला होता ज्यात तिला एकही चूक काढता येणार नव्हती. चित्रांवरूनच सगळं समजून घ्यावं लागलं. जुनं तेल आटून त्याचा चिकटा झाला होता, तो तिनं रॉकेलमध्ये बुडवलेल्या चिंधीनं आठवडाभर घासून काढला. सुयांना वरून दाबून धरणारी फोमची पट्टी हात लावताच भुगा होऊन पडली. तिच्या जागी तिनं दाराच्या फटीला लावतात ती पट्टी कापून बसवली. सुयांवरून इकडून तिकडे सरकणारा लोखंडी डबा, ज्याच्या एका फेरीत विणीची एक ओळ होते, तो आधी जागचा हलेना, आणि हलला तेव्हा लोकरीसकट सगळी वीण सुटून, ती ताणून धरायला खाली अडकवलेल्या वजनांसह तिच्या पायावर पडली. असं बावीस वेळा झालं. तेविसाव्या वेळी वीण टिकली.

दहा ओळी झाल्या, वीस झाल्या, करड्या लोकरीचा वीतभर तुकडा खाली लोंबू लागला. दुपारचे चार वाजले होते. ताई हात न काढता, मान वळवून धाकटीच्या खोलीकडे बघत म्हणाली, "बघ गं."

मग तिनं यंत्र थांबवलं. तुकडा सोडवला, घडी घातली आणि खणात ठेवून दिला.

दुसरं यंत्र तिनं वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून आणलं, तिसरं एका शिंप्यानं दुकान बंद करताना दिलं. पुढं तिला नादच लागला. एक जाड लोकरीचं, एक भोकं पाडलेल्या कार्डांवरून आपोआप नक्षी उठवणारं, एक लहान मुलींसाठी केलेलं निळ्या प्लास्टिकचं, आणि एक गोल, मोज्यांचं, पाट्यासारखं जड, ज्याचा दांडा फिरवला की खालून नळीसारखी वीण उतरायची. ती कुणाच्या घरी यंत्र बघायला गेली की बहुधा सून दार उघडायची. सासूबाईंना फार हौस होती, म्हणायची, आणि कपाटावरून किंवा पलंगाखालून धुळीनं माखलेली पेटी ओढून काढायची. पेटी गेली की जागा होईल, हे तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. ताईला त्यात काही वावगं वाटत नसे. ती फक्त विचारायची, "शेवटचं काय विणलं होतं त्यांनी?" सुनेला ते कधीच आठवत नसे.

चौथ्या यंत्राला जागा हवी होती, तेव्हा तिनं धाकटीचा पलंग खालच्या इस्त्रीवाल्याला देऊन टाकला. धाकटीला आता तिचं घर आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. सहा यंत्रं टेबलांना पकडीनं कसलेली, सातवं, मोज्यांचं, खिडकीशी स्टुलावर. भिंतीवर सुयांचे डबे, तेलाच्या कुप्या, फण्या. खोली कशी छापायला लावलेल्या पानासारखी दिसू लागली.

यातलं काही तिनं धाकटीला सांगितलं नव्हतं. लपवायचं असं नव्हतं. दर रविवारी धाकटीचा फोन यायचा. ती विचारायची, "काय चाललंय ताई?" ताई म्हणायची, "काही नाही. तुझं?" मग धाकटीचं सुरू व्हायचं, आणि ताई मधून मधून "हं" म्हणायची. दोन वर्षं अशीच गेली.

एका सोमवारी सकाळी धाकटी बॅग घेऊन दारात उभी राहिली. मास्तर आठ दिवस मुलाकडे गेले होते.

"मला म्हणाले, चल. म्हटलं, मी आपली माझ्या घरी जाते," ती म्हणाली आणि चपला काढता काढता बोलत, बॅग घेऊन, सवयीनं सरळ आपल्या खोलीकडे वळली. दार उघडलं आणि तिचं बोलणं थांबलं.

ताई मागे उभी होती. धाकटीचं बोलणं असं वाक्याच्या मधेच थांबलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"माझा पलंग?" धाकटीनं विचारलं.

"इस्त्रीवाल्याला दिला."

"कधी?"

"झालं वर्ष."

"आणि हे सगळं काय आहे?"

"विणायची यंत्रं."

"सात?"

"हं."

धाकटीनं बॅग खाली ठेवली नाही. ती तशीच हातात धरून म्हणाली, "मला सांगायचंस तरी. मी हसले नसते."

"तू विचारलं नाहीस."

"घरात सात यंत्रं आणलीस का, असं कोण विचारतं गं?"

यावर दोघींनाही जरा हसू आलं, आणि वेळ निभावली. बैठकीच्या खोलीत गादी घातली. ताई म्हणाली, माझ्या पलंगावर झोप, पण धाकटीनं ऐकलं नाही. पाहुण्यासारखी तिनं बॅग भिंतीशी नीट उभी केली. तिला काय हवं नको ते ताईला विचारावं लागत होतं. दोन वर्षांत धाकटीनं चहात साखर घालणं सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर धाकटी आपण होऊन त्या खोलीत गेली. "दाखव तरी काय करतेस," म्हणाली. ताईनं नक्षीचं यंत्र उघडलं. आधी ती तुटक तुटक सांगत होती, हे इथं बसतं, हे असं सरकतं. मग तिचं तिलाच कळलं नाही, पण ती सांगतच राहिली. जिभेत जरा कचरा अडकला तरी टाका कसा गळतो. एक टाका गळला की धावदोरा निघाल्यासारखी वीण खालपर्यंत कशी उसवत जाते, आणि ती बारीक आकड्यानं ओळ ओळ करत परत वर कशी आणायची. मोज्यांच्या यंत्रावर टाच वळवायला तिला चार महिने कसे लागले. धाकटी लोकरीचा गुंडा हातात धरून ऐकत होती. मधेच डबा अडकला, दोघींनी मिळून ओढला, तो सुटला आणि धाकटी मागच्या मागे बसायच्या स्टुलावर आदळली. ताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. लाल पांढऱ्या नक्षीची वीतभर वीण खाली उतरली होती.

धाकटीनं ती बोटांवर घेतली. हसू ओसरत गेलं.

"ताई, रागावू नकोस," ती म्हणाली. "पण आपण तीस वर्षं इथं राहिलो. एवढं तू माझ्याशी सलग कधी बोलली नाहीस."

ताईनं डबा आपल्या बाजूला सरकवून ठेवला.

"मला वाटायचं, तुला आवडत नाही मी बडबडलेली," धाकटी म्हणाली. "रोज घरी येताना जिन्यात ठरवायचे, आज आधी हिला बोलू द्यायचं. आणि मग तू गप्पच असायचीस. मास्तर काही फार मोठे बोलणारे नाहीत. पण मी काही सांगितलं की विचारतात, मग? एवढंच. मग पुढं काय झालं, म्हणून विचारतात."

"मी ऐकत होते," ताई म्हणाली.

"ऐकत असशीलही. मला कसं कळणार?"

ताईला पुष्कळ सांगायचं होतं. शाळेतल्या रागीट शिपायाचं, ट्रंकेत सापडलेल्या गुणपत्रिकांचं, धाकटीनं सांगितलेलं सगळं तिला अजून जसंच्या तसं आठवत होतं. पण ते तोंडावाटे यायला जी वाट लागते ती तिला सापडेना. ती म्हणाली, "चहा ठेवू?"

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटी निघाली. मास्तरांच्या कुंड्यांना पाणी घालायला कुणी नाही, म्हणाली. आली त्या दिवशी तिनंच सांगितलं होतं, की शेजारीण घालणार आहे. ही चूक ताईला दिसली. तिनं ती दाखवली नाही. ती बसथांब्यापर्यंत बॅग घेऊन गेली, आणि बस वळली तरी तिथंच उभी राहिली, जणू तिलाच पुढची बस धरायची आहे.

पुढचे तीन आठवडे तिनं त्या खोलीचं दार उघडलं नाही. रविवारचे फोन आले. "काय चाललंय?" "काही नाही." मग एका मंगळवारी एका बाईंचा फोन आला, यंत्र द्यायचं आहे म्हणून. ताई नाही म्हणणार होती. पण हा फोन सुनेचा नव्हता, विणणारीचा स्वतःचा होता. ताई दुपारी त्यांच्याकडे गेली.

बाई पंच्याहत्तरीच्या, एकट्या. वीस वर्षं त्यांनी शाळांचे स्वेटर विणून दिले होते. आता बोटं सांध्यांत वाकडी झाली होती, कप धरायलाही दोन्ही हात लागत होते. यंत्र मात्र लख्ख, तेल घातलेलं.

"न्यायच्या आधी एकदा चालवून दाखवा," त्या म्हणाल्या. "बघायचं नाही मला. ऐकायचं आहे."

ताईनं लोकर ओवली. डबा सरकू लागला. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. जरा वेळानं म्हणाल्या, "उजवीकडे थोडा जास्त जाऊ द्या. तिकडे तो पोचत नाहीये." ताईनं जाऊ दिला. खरंच, आवाज बदलला. चाळीस ओळी झाल्यावर बाई म्हणाल्या, "पुरे आता. न्या."

"शेवटचं काय विणलं होतंत?" ताईनं नेहमीप्रमाणे विचारलं.

"गळपट्टा. बहिणीसाठी. मी अर्धा विणला नि बोटं गेली. ती म्हणाली, अर्धाच दे. तिनं तो तसाच वापरला, एकच वेढा घेऊन." बाई हसल्या. "तुमचं कोण आहे घरी?"

"बहीण आहे," ताई म्हणाली. "लांब राहते."

यंत्र घरी आणून बैठकीतच ठेवलं, आणि चपला न काढता तिनं फोन उचलला. आजवर तिनं धाकटीला आपणहून फोन केलेला नव्हता.

"काय झालं?" धाकटी घाबरून म्हणाली. "बरी आहेस ना?"

"बरी आहे. काही नाही झालं. सांगायचं होतं."

"काय?"

ताईनं सांगायला सुरुवात केली. एक बाई होत्या, त्यांची बोटं वाकडी झाली आहेत, त्यांना यंत्राचा आवाज ऐकायचा होता. तीन वाक्यांत सगळं संपलं. ताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग?" धाकटीनं विचारलं.

ताई खुर्चीवर बसली. मग तिनं उजव्या बाजूचं सांगितलं, आवाज कसा बदलला ते सांगितलं, अर्ध्या गळपट्ट्याचं सांगितलं. वाक्यं अडखळत होती, मधेच मागे जाऊन राहिलेलं जोडावं लागत होतं, पण ती थांबली नाही. पलीकडून मास्तरांचा आवाज आला. "आले हो, दोन मिनिटं," धाकटी त्यांना म्हणाली, आणि मग फोनमध्ये, "ताई, हे बाहेर निघालेत, मला जायला हवं. मी करते परत."

"कर," ताई म्हणाली.

त्या संध्याकाळी फोन आला नाही. ताईनं दिवा लावला, चपला काढून ठेवल्या, पाव गरम करून खाल्ला. खाताना तिच्या लक्षात आलं, की त्या बाईंच्या खिडकीत काचेची एक बरणी होती, गळ्यापर्यंत बटणांनी भरलेली, आणि त्यातलं एकही बटण दुसऱ्यासारखं नव्हतं, हे सांगायचं राहूनच गेलं. तिनं एका कागदावर लिहून ठेवलं, बटणं. मग उठून नव्या यंत्राचं झाकण काढलं आणि सुया एकेक करून तपासायला बसली.