भूमिकाची चकचकीत पदवी

घाबरू नका, जवळ या. हात भाजणार नाही, माझं बटण आत्ताच बंद झालंय. कोणी बंद केलं ते शेवटी सांगतो. मी लॅमिनेशनचं मशीन बोलतोय. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यात गजाननचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे कॉम्प्युटरच्या शेजारी माझी जागा. माझ्याबद्दल काही वाईट कानावर आलं असेल तर ते खरं आहे. फक्त ते माझ्याच तोंडून ऐका, एवढीच विनंती.

मी खोक्यातून बाहेर आलो त्याला आता तेरा वर्षं झाली. गजाननने मला कुंकू लावलं, अगरबत्ती ओवाळली, नारळ फोडला. मग माझा हिरवा दिवा लागल्यावर त्याने ट्रायल म्हणून स्वतःचीच बी.कॉम.ची मार्कशीट प्लास्टिकच्या पाकिटात घालून माझ्या तोंडात दिली. मागून ती कडक आणि चकचकीत होऊन बाहेर पडली. गजाननने तिच्यावर पेल्यातलं पाणी ओतून दाखवलं आणि जमलेल्या लोकांना म्हणाला, "देखो! आता हिला काहीच होत नाही." मला त्या दिवशी जो गर्व चढला, तो गेल्या वर्षापर्यंत उतरला नव्हता.

माणसांचा प्लास्टिकवर फार जीव! आधार कार्ड, राशन कार्ड, इच्छादेवीचा फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी, वारलेल्या आजोबांचा एकुलता एक फोटो, सगळं माझ्या पोटातून गेलं. एकाने तर विजेचं बिल लॅमिनेट करून नेलं. आणि निकाल लागले की मार्कशीटांची रांग. बँकेतले एक साहेब एकदा म्हणाले होते, "गजाननभाऊ, ओरिजिनल कागद लॅमिनेट करत जाऊ नका." गजानन हसून म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक मागतं ते द्यायचं." मीही मनात हसलो. मला वाटलं, यांना माझं काम कळत नाही.

या रांगेत दर दोन-तीन वर्षांनी एक बाई असायची. सुमनताई. निंबोल्याच्या अंगणवाडीत मदतनीस, नवरा धर्मेंद्र केळीची शेती करतो. मुलगी भूमिका पाचवी पास झाली तेव्हा त्या पहिल्यांदा आल्या. मार्कशीट वहीत, वही रुमालात, रुमाल पिशवीत. पाचवीच्या मार्कशीटचं एवढं कौतुक बघून गजानन थट्टेने म्हणाला, "ताई, आत सोनं आहे का?"

सुमनताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, माझी दहावीची मार्कशीट वाळवीनं खाल्ली. ट्रंकेत होती. अंगणवाडी सेविकेची जागा निघाली तवा साहेबानं ओरिजिनल मागितली. भोपाळहून दुसरी येईपर्यंत तारीख गेली. जागा दुसरीले भेटली. मी तिच्या हाताखाली खिचडी शिजवू राह्यली. माझ्या पोरीचं असं नाही होऊ देणार."

त्यानंतर आठवी आली, दहावी आली, बारावी आली. दर वेळी त्या काउंटरवर वाकून माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. "कोपरा दुमडू देऊ नका बरं भाऊ." कागद बाहेर आला की पदराने पुसायच्या आणि दोन्ही हातांनी उचलायच्या. एवढा आदर मला गजाननच्या दिवाळीच्या पूजेतही मिळाला नाही. मग चार वर्षांनी शेतकीची पदवी आली. मोठा जाड कागद, वर सोनेरी शिक्का. गजाननने मोठं पाकीट मागवलं. मी ती पदवी अगदी सावकाश घेतली. एक बुडबुडा राहू दिला नाही. आज ते आठवलं की माझे रोलर थंड पडतात.

भूमिकाला पुढे शिकायचं होतं, तेही केळीवरच्या रोगांवर. ती अकरावीत असताना धर्मेंद्रभाऊंची अख्खी बाग व्हायरसने गेली होती. पानं पिवळी पडली आणि सगळी झाडं उपटून जाळावी लागली. त्या रोगावर नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात काम चालतं हे तिला कुठून तरी कळलं. पदवी हातात आल्यावर ती रोज दुपारी निंबोल्याहून बसने यायची आणि माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसायची. प्रवेश मिळाला. मग फीचा आकडा पडद्यावर आला. गजाननने चष्मा काढून पुसला, परत लावला, परत बघितलं.

"बेटा, हे रुपयात आहे का?"

"नाही काका. युरोमध्ये."

गजानन खुर्चीवर बसला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की शिकायला परवानगी मिळणं वेगळं आणि शिकायला मिळणं वेगळं.

मग सुरू झाली शिष्यवृत्तीची शोधाशोध. इथे परीक्षा देण्याआधी परीक्षा कुठे आहे तेच शोधावं लागतं! एक शिष्यवृत्ती दुसऱ्याच देशांसाठी. एक फक्त डॉक्टरेटवाल्यांसाठी. एक अगदी तिच्यासाठीच होती, पण तिची मुदत आदल्या दिवशी संपली होती. भूमिकाने एका वहीत तक्ता काढला. नाव, अटी, शेवटची तारीख, कुठले कागद. नकार आला की ती त्या ओळीवर सरळ रेघ मारायची, पट्टी लावून. रागाने कधी खरडलं नाही. एकदा मेल आला, अभिनंदन, तुमची निवड झाली, फक्त प्रोसेसिंगचे पैसे पाठवा. ती टुणकन उडाली. गजाननने तिला खाली बसवलं. "बेटा, जो पैसे देणार असतो, तो आधी पैसे मागत नाही. फ्रॉड है."

शिफारसपत्राची तर गंमतच. तिच्या कॉलेजच्या अलका मॅडमनी प्रेमाने लिहून दिलं, 'ही मुलगी आज्ञाधारक व सुशील आहे.' भूमिका ते वाचून डोक्याला हात लावून बसली. "काका, वो लोग बहू नहीं ढूँढ रहे!" मग तिने मॅडमना फोन करून, हातापाया पडून, प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल लिहून घेतलं. निबंधात गजानन म्हणत होता गरिबीचं लिही. तिने जाळलेल्या बागेचं लिहिलं, कुठल्या पानावर आधी डाग आला ते लिहिलं.

एकोणीस रेघा मारून झाल्या आणि विसाव्या ओळीला होकार आला. पूर्ण फी, राहणं, जेवण, विमानाचं तिकीट. सगळं! गजाननने समोरच्या हलवायाकडून मावा जिलबी आणली आणि झेरॉक्सला आलेल्या अनोळखी माणसांनाही वाटली. एक तुकडा माझ्या डोक्यावर ठेवला. मुंग्या लागल्या, पण मी काही बोललो नाही.

होकाराच्या पत्रात एक अट होती. मूळ पदवीवर आपल्या सरकारचा परदेशी कामाचा शिक्का, ज्याला ॲपोस्टिल म्हणतात, तो घेऊन कागद एकवीस दिवसांत पाठवायचा. भूमिकाने इंदूरला हे काम करून देणाऱ्या एका माणसाला पदवीचा फोटो पाठवला. लगेच त्याचा फोन आला. तिने स्पीकर चालू केला.

"मैडम, फोटो में ये चमक क्या रहा है?"

"ट्यूबलाइट का होगा, सर."

"लेमिनेटेड है क्या?"

"हाँ सर. एकदम सेफ है."

मग तो म्हणाला, "मैडम, ये नहीं होगा. पीछे ठप्पा लगता है, साइन होता है. प्लास्टिक पर कैसे लगेगा? लेमिनेटेड ओरिजिनल ऑफिस लेता ही नहीं. नई निकलवाओ."

मी तापलेला होतो, हिरवा दिवा लागलेला होता, आणि त्या फोननंतर मला आतून गार वाटलं. मी? मी केलं हे? बारा वर्षं मी कागद वाचवतोय असं समजत होतो. पाणी, तेल, वाळवी, मुंग्या, कशालाही मी आत शिरू दिलं नाही. पण ज्याला आत यायलाच हवं होतं, त्या शिक्क्यालाही मी बाहेर ठेवलं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं असं तरी कसं म्हणू? बँकेतल्या साहेबांनी सांगितलं होतं. हसलो होतो मी.

गजानन खुर्चीतून उठला. मग एकदम म्हणाला, "थांब, सोलून पाहू. आधी माझ्या कागदावर." भिंतीवरची त्याची बी.कॉम.ची मार्कशीट त्याने काढली. तीच, माझी पहिली. मला पूर्ण तापवून त्याने ती पुन्हा आत घातली आणि बाहेर येताच गरम असतानाच ब्लेडने कडा उचकटून प्लास्टिक ओढलं. कागदाचा वरचा पापुद्रा सोबत आला. गजाननचं नाव प्लास्टिकला चिकटून निघालं आणि मार्क तेवढे कागदावर राहिले. दोन्ही तुकडे हातात घेऊन तो उभा होता. भूमिकाने आपली पदवी उचलून पिशवीत ठेवली.

"काका, आईला नका सांगू," एवढंच ती म्हणाली.

पण दुसऱ्याच दिवशी सुमनताई स्वतःच दुकानात आल्या. भूमिका कॉम्प्युटरवर आपल्या इथल्या शेतकी विद्यापीठाला डुप्लिकेट पदवीचा अर्ज लिहीत होती. सुमनताईंच्या हातात रुमाल, रुमालात वही. होकाराच्या पत्राची रंगीत प्रिंट त्यांनी काउंटरवर ठेवली.

"भाऊ, हे तर सगळ्यात भारी कागद. मोठं पाकीट लावा."

गजानन म्हणाला, "ताई, मशीन खराब आहे."

माझा हिरवा दिवा त्यांच्या समोर जळत होता. सुमनताईंनी दिव्याकडे बघितलं, मग गजाननकडे, मग मुलीच्या पाठीकडे. मुलगी मागे वळेना. "काय झालं? कोणी सांगसान का मले?"

भूमिकाने सांगितलं. हळू, एकेक गोष्ट, आवाज न चढवता. शेवटी सुमनताईंनी विचारलं, "म्हणजे दहावीची बी? बारावीची बी?" भूमिकाने मान हलवली. सुमनताई स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझी वाळवीनं खाल्ली. तुझी मी खाल्ली."

नाही हो सुमनताई, मी खाल्ली! मला ओरडून सांगायचं होतं. पण मला तोंड आहे ते फक्त घेण्यासाठी, बोलण्यासाठी नाही.

दुसऱ्या दिवशी त्या भूमिकाबरोबर विद्यापीठात गेल्या. तिथे शपथपत्र लागलं, आणि जुनी पदवी जमा करावी लागली. गजाननला नंतर भूमिकाने सांगितलं, की खिडकीवरच्या बाबूने हात पुढे केला तरी आईच्या हातून ती सुटत नव्हती. शिष्यवृत्तीवाल्यांना भूमिकाने खरं तेच लिहिलं, की आईने पदवी जपण्यासाठी प्लास्टिकमध्ये घातली. त्यांनी सहानुभूतीचं पत्र पाठवलं आणि मुदत एक आठवडा वाढवली. डुप्लिकेट हातात आली तेव्हा वाढवलेली तारीखही उलटून अकरा दिवस झाले होते. जागा प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या कोणाला तरी गेली. प्रवेश मात्र नेदरलँड्सच्या विद्यापीठाने एक वर्ष राखून ठेवला. भूमिकाने वही उघडली, पट्टी घेतली आणि विसाव्या ओळीवर रेघ मारली. रेघ वाकडी आली.

त्याला आता वर्ष होत आलं. भूमिका सकाळी माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते आणि दुपारी इथे येऊन फॉर्म भरते. नवीन वही, नवीन तक्ता. ठप्पा मारलेली नवी पदवी साध्या फाईलमध्ये आहे आणि फाईल स्टीलच्या डब्यात, कडुनिंबाच्या पाल्यात. यंदा तिची मुलाखत झाली, उत्तर यायचं आहे. येईल की नाही मला माहीत नाही. रोज कॉम्प्युटर सुरू झाला की माझा जीव टांगणीला लागतो.

आणि काल दहावीच्या मार्कशीट वाटल्या गेल्या. आज सकाळपासून रांग आहे. सुमनताईंनी अंगणवाडीतून सुट्टी घेतली आणि दुकान उघडल्याबरोबर त्या काउंटरपाशी येऊन उभ्या राहिल्या. गजानन त्यांना नको म्हणाला नाही. इच्छापूरचे कडूभाऊ नातीची मार्कशीट घेऊन आले. तीसुद्धा वहीत, वही रुमालात. चहा पिता पिता सवयीने गजाननने ती पाकिटात सरकवली. तो कागद माझ्या ओठांना लागलाच होता. तेवढ्यात सुमनताईंनी आपला तळहात मध्ये घातला.

"थांबा! असली कागद नाही घालायचा. झेरॉक्स काढा, झेरॉक्सले प्लास्टिक लावा."

"अहो बाई, पाण्यात भिजली तर?" कडूभाऊ म्हणाले.

"भिजली तर वाळते. हिच्यात गेली तर भाऊ, वापस येत नाही."

त्यांचा हात भाजला. मी बघितलं, बोटं लाल झाली होती. तरी त्यांनी तो काढला नाही, दुसऱ्या हाताने माझं बटण चाचपडत शोधलं आणि बंद केलं.

म्हणून सांगतो, तुमच्या घरी असा एखादा कागद असेल, ज्याच्यावर पुढे कोणाला सही करायची असेल, शिक्का मारायचा असेल, तर तो माझ्याकडे आणू नका. कितीही जीव असला तरी आणू नका. मी नाही म्हणू शकत नाही, मला तसं घडवलेलंच नाही. जे समोर येतं ते मी घेतो. सुमनताई अजून उभ्या आहेत. रांग लांब आहे, बटण बंद आहे, मी हळूहळू थंड होतोय, आणि इतकी वर्षं माझ्यासाठी कागद घेऊन येणारा त्यांचा तो हात अजून माझ्या तोंडावर आहे.